३५ लाखांचं नंतर, आधी माहुलच्या ९,०९८ घरांचं बोला

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणावर २० मे २०२५ रोजी मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केलं आणि लगेच एकच आकडा सगळीकडे झळकला: २०३० पर्यंत ३५ लाख घरं. जोडीला ७० हजार कोटींची गुंतवणूक आणि ‘माझे घर, माझा अधिकार’ हे ब्रीद. त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या एका योजनेची वाढीव मुदत संपली, त्याची मात्र कुणी फारशी दखल घेतली नाही. चेंबूरजवळच्या माहुलमधली, प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली ९,०९८ घरं पालिकेने आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना विकायला काढली होती. किंमत १२ लाख ६० हजार. मुंबईत एवढ्या पैशांत स्वतःचं घर म्हणजे उड्या पडायला हव्यात. अर्ज शेकड्यांतच अडकले.

याच शहरात २०२४ साली म्हाडाच्या २,०३० घरांसाठी लाखावर अर्ज आले होते. म्हणजे लोकांना घर नको आहे असं नाही. माहुल नको आहे.

का नको, हे पालिकेला चांगलं माहीत आहे. सात मजली इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. खोली २२५ चौरस फुटांची, आणि शेजार तेलशुद्धीकरण कारखान्यांचा. इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवलं होतं. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर तिथल्या कुटुंबांना इथेच पाठवलं गेलं. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची घाटकोपर-विद्याविहारची कामं सुटली, मुलांच्या शाळा सुटल्या, खोकला तेवढा सुटेना. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये ही माणसं विद्याविहारला परतली आणि रस्त्याकडेला मुक्काम ठोकून बसली. सरकारी हिशेबात ज्यांचं पुनर्वसन झालं होतं, ती कुटुंबं फूटपाथवर! पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने बजावलं की कुणालाही माहुलची सक्ती करता येणार नाही. जे जाणार नाहीत त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या.

एवढं होऊन पालिकेने काय केलं? गरिबांनी नाकारलेला माल आपल्या सफाई कामगारांपुढे ठेवला, तोही पैसे घेऊन. त्यांनीही पाठ फिरवली, यात नवल कसलं?

नव्या धोरणात कामाच्या ठिकाणाजवळ घर असावं, माणसाला चालत कामावर जाता यावं, असं म्हटलं आहे. मग गिरणी कामगारांचं काय? त्यांचे आणि त्यांच्या वारसांचे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज वर्षानुवर्षं पडून आहेत. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे टॉवर उभे राहिले आणि कामगारांना घरं दाखवली जातात ती शेलू आणि वांगणीला. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये एकदा लटकून बघावं, म्हणजे हे ‘चालत कामावर’ प्रकरण किती लांबचं आहे ते मंत्र्यांना कळेल. १९८२ च्या गिरणी संपात ज्यांची उमेद गेली, त्यांतले कित्येक आता हयातही नाहीत.

आणि ज्यांच्या नावावर झोपडीही नाही, ते तर या ३५ लाखांत कुठे बसतात तेच दिसत नाही. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेने मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले. रात्री उशिरापर्यंत हमाली करून पुलाखाली पाठ टेकणारे त्यात किती सुटले असतील, कोण जाणे. सरकारी निकष सांगतो, शहरात लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा. त्याच जनगणनेतली मुंबई सव्वा कोटीची, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही नाही. फूटपाथवरची गाठोडी उचलून गाडीत टाकायला मात्र पालिकेकडे माणसं कमी पडत नाहीत.

नव्या ३५ लाखांचे नारळ फोडण्याआधी सरकारने एक साधी यादी जाहीर करावी: प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली किती घरं आज कुलूपबंद आहेत, कोणत्या वस्तीत, किती वर्षांपासून आणि कोणत्या कारणाने. माहुलच्या ९,०९८ पासून सुरुवात करावी. आणि पुढचा भूखंड निवडताना तिथून जवळच्या स्टेशनला, सरकारी दवाखान्याला आणि शाळेला जायला किती वेळ लागतो, तेही निविदेच्या कागदावर लिहावं.

— एक वाचक, चेंबूर