साबणाचा ब्रँड आणि माणसाचे नाव

सध्या ‘पर्सनल ब्रँडिंग’ या शब्दाची मोठी चलती आहे. नोकरी शोधणारा पदवीधर असो, नव्याने वकिली सुरू केलेली मुलगी असो की नगरसेवकपदाच्या तिकिटासाठी धडपडणारा कार्यकर्ता असो, प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो. स्वतःचा ब्रँड तयार करा! चांगला फोटो टाका, रोज काहीतरी लिहा, फॉलोअर वाढवा, म्हणजे तुमचे नाव बाजारात चालेल. हे वारे आपल्या वस्त्यांतही शिरले आहे. पूर्वी १४ एप्रिलला चौकात फ्लेक्स लागायचे. आता तो आधी मोबाईलवर लागतो. त्यात बाबासाहेब कोपऱ्यात आणि शुभेच्छुक मधोमध!

परंतु हा विषय केवळ टिंगल करून सोडून देण्यासारखा नाही. आज इंटरनेटवर आपल्या नावापुढे काय दिसते यावर नोकरी ठरते, भाड्याचे घर ठरते, लग्नाची बोलणी ठरतात. तेव्हा आंबेडकरी माणसाने या ब्रँडच्या बाजाराकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी भाषण केले. ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी त्या काळच्या वृत्तपत्रांवर कोरडे ओढले. पत्रकारिता हा आता व्यापार झाला असून साबण तयार करण्याच्या धंद्याला जेवढी नैतिक जबाबदारी असते त्याहून अधिक तिला उरलेली नाही, अशी त्यांची टीका होती. वृत्तपत्रे एखाद्या पुढाऱ्याची मूर्ती घडवतात आणि तिची पूजा बांधतात, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आज ही सोय घरोघरी पोहोचली आहे. प्रत्येकजण स्वतःचाच मूर्तिकार, स्वतःचाच पुजारी आणि स्वतःचाच साबण!

मूळ इंग्रजी ‘ब्रँड’ या शब्दाचा संबंध जाळण्याशी आहे. गुरे कोणाच्या मालकीची आहेत हे कळावे म्हणून त्यांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाचा डाग देत, तो ब्रँड. आपल्या समाजाला हा डाग नवा नाही. शूद्राचे नाव तिरस्कार सुचवणारे असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणून आपल्या आजा-पणज्यांची नावे धोंड्या, दगडू, कचरू अशी राहिली. आपले नाव काय असावे हेसुद्धा दुसऱ्याने ठरवले.

हा डाग पुसण्याचे काम महाडला झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची जुनी पद्धत, गळाभर गळसऱ्या, हातभर पाटल्या या तुमची जात सांगणाऱ्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आपण कसे दिसावे, कोणत्या नावाने ओळखले जावे हे आपण ठरवायचे, असा त्याचा अर्थ होता. पुढे आपल्या घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, प्रज्ञा, सुजाता ही नावे आली. हे या समाजाने मिळवलेले नाव आहे आणि त्यामागे एका पिढीचा संघर्ष उभा आहे.

पण बाजाराने हे नाव मानले काय? २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी चार हजारांहून अधिक अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फरक फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश! म्हणजे उमेदवार दाराशी येण्यापूर्वीच त्याचा ‘ब्रँड’ ठरलेला असतो. शहरातली आपली कित्येक मुले फेसबुकवर आडनाव लिहीत नाहीत, ती उगीच नव्हे. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या बाजारात आडनाव पाहून अर्ज बाजूला पडतो, त्या बाजाराला जाब विचारल्याशिवाय या मुलांना दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे?

प्रतिष्ठा हा आपल्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न कसा असतो हे खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर पहिल्यांदा काय पसरवले गेले? हत्या अनैतिक संबंधातून झाली! मारल्या गेलेल्या माउलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून जातीचा प्रश्न झाकण्याचा तो प्रयत्न होता. प्रस्थापित वृत्तपत्रे गप्प असताना सत्य बाहेर काढले ते कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनाने, ई-मेलमधून आणि त्या वेळी नव्यानेच आलेल्या ब्लॉगमधून. बदनामी करणारी यंत्रणा किती झपाट्याने काम करते आणि तिला उत्तर देण्यासाठी आपल्या हाती साधन असणे का आवश्यक आहे, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

मात्र हे साधन आपले आहे काय, याचाही विचार केला पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर ट्विटरने निर्बंध आणले तेव्हा देशभरच्या बहुजन तरुणांनी कंपनीवर जातिवादाचा आरोप करीत मोहीम उघडली. नावापुढची निळी खूण आमच्या लेखकांना, कार्यकर्त्यांना का मिळत नाही, हा त्या मोहिमेचा मुख्य सवाल होता. मंडल यांची वाट पुढे बदलली, तो विषय वेगळा. प्रश्न मात्र खरा होता. कोण ‘अस्सल’ आणि कोण ‘किरकोळ’ हे ठरवणारे पंच कोण? पुढे २०२२ साली कंपनीच्या नव्या मालकाने ही खूण विकायलाच काढली. भारतात मोबाईलवरून घेतल्यास सुरुवातीचा दर महिना ९०० रुपये होता. कालपर्यंत जी प्रतिष्ठा कोणाच्या तरी मर्जीवर मिळत होती ती आता पैशावर मिळू लागली. मर्जी गेली आणि पैसा आला, यात आपला फायदा कोणता?

१९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेब ‘केसरी’च्या दाराशी बसून राहिले नाहीत. ‘मूकनायक’नंतर ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे चालवून त्यांनी आपले व्यासपीठ स्वतः उभारले. फेसबुक, यूट्यूब जरूर वापरावे. पण ती भाड्याची खोली आहे. मालकाने कुलूप लावले की दहा वर्षांचे लेखन एका रात्रीत दिसेनासे होते. म्हणून आपले लेख, भाषणे, छायाचित्रे यांची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि आपली दैनिके, मासिके वर्गणी देऊन जगवावीत.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये रोज व्हॉट्सॲपवर फिरतात. ती पुढे ढकलणारे बहुतेक आपलेच लोक असतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपाने प्रकाशित केली आहेत. खंड उघडून पाहायला दहा मिनिटे लागतात. तेवढे कष्ट न घेता आपण खोटे वाक्य पसरवले, तर उद्या विरोधकाने बनवलेले खोटे वाक्य खोडून काढण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहत नाही. कार्यकर्ते एकमेकांवर ‘दलाल’, ‘विकला गेला’ असे शिक्के बिनपुराव्याने मारतात, तोही बदनामीचाच धंदा आहे. आणि स्वतःच्या ब्रँडपुढे ज्यांना संघटना लहान वाटते त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण पुन्हा वाचावे. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यात आहे. तो फक्त दिल्लीच्या नेत्यांसाठी होता, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

नावाचे रक्षण करण्यासाठी काही गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात झालेल्या दुरुस्त्या जानेवारी २०१६ मध्ये लागू झाल्या. त्यानुसार कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खाली सार्वजनिक दृष्टीसमोर केलेला जातीय अपमान व जातिवाचक शिवीगाळ गुन्हा आहे, तर ३(१)(व्ही) खाली आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य मार्गाने केलेला अनादरही गुन्हा आहे. इंटरनेटवरचा अपमान हा सार्वजनिक दृष्टीसमोरचाच अपमान ठरतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. त्याचबरोबर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अपमान जातीच्या कारणावरून झाला हे दिसले पाहिजे. म्हणून तक्रार रागाच्या भरात लिहू नये. वापरलेले शब्द, तारीख, वेळ आणि दुवा यांसह लिहावी.

कोणी आपल्या नावाने खोटे खाते उघडून पैसे मागत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६डी आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, तेथे दाद लागली नाही तर केंद्राने नेमलेल्या अपील समितीकडे जाता येते. मजकूर नाहीसा होण्याआधी त्याचे चित्र काढून ठेवावे, मूळ मोबाईल जपावा, कारण न्यायालयात अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. आणि बदनामी एखाद्या मुलीची असेल तर पहिली जबाबदारी घरच्यांची आहे. तिचा मोबाईल काढून घेणे हा उपाय नव्हे. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसणे हा उपाय आहे.

वस्तीतल्या प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार या कामासाठी देता येईल. तालुक्यातला एक वकील, संगणक जाणणारी दोन मुले आणि खंडांचा संच एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. फ्लेक्सच्या खर्चात ते वर्षभर चालेल. ज्या समाजाने दगडू आणि कचरू या नावांचा डाग स्वतःच्या हाताने पुसला, त्याने आपल्या मुलामुलींचे नाव राखायला कंपनीची मर्जी आणि बाजाराचा भाव का पाहत बसावे?