हरण सरकारचं, बंदूक आमच्या खर्चानं?



निलंग्याच्या तालुका बैठकीत कापसाच्या भावावर बोलून झालं, पीक कर्जावर बोलून झालं. आम्ही उठायच्या बेतात असताना मागच्या बाजूने एक तरुण उभा राहिला. "साहेब, हरणासाठी पहिलीच रायफल घ्यायची आहे. परवडंल अशी कोणती, तेवढं सांगा." सभेत हशा पिकला. तो मात्र हसला नाही. त्या पोराने यंदा सरकी दोनदा टोबली होती. पहिली उगवून दोन पानांवर आली, आणि एका रात्रीत कळपाने शेंडे खुडून रान साफ केलं. २०२५ च्या हंगामात बीटी सरकीची पिशवी ९०१ रुपयांना होती. एकराला दोन पिशव्या, शिवाय टोबणीची मजुरी, शिवाय गेलेली ओल. ओल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

त्या दिवशी आम्ही त्याला नीट उत्तर दिलं नाही. नंतर कायदा वाचला, जाणत्यांना विचारलं. आता उत्तर देतो.

आम्ही कृषी पदवीधर आहोत. पीक संरक्षण हा विषय आम्ही शिकलो तेव्हा त्यात बोंडअळी होती, खोडमाशी होती, ज्वारीवरची काणी होती. हरणाचं पान त्या पुस्तकात नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला जागल करावी लागत नसावी.

आधी रायफलीचं. आपल्याकडे शेतकरी ज्या हत्यारांची नावं घेतो ती तीन: ठासणीची बंदूक, बारा बोअरची एकनळी-दुनळी आणि रायफल. पहिल्या दोन्हींची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. परवान्यावर मिळणाऱ्या देशी रायफलींत सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे सरकारी कारखान्याची .३१५. लष्कराची .३०३ सामान्य माणसाला घेता येत नाही, म्हणून हिचं नाव. ही गोळी चुकली तर किलोमीटर-दीड किलोमीटर पुढे जाऊनही जीव घेऊ शकते. डोंगरात गोळी मागच्या उताराच्या मातीत रुतते. आपलं रान तव्यासारखं सपाट. रात्री हरणावर नेम धरला तर त्याच रेषेत पुढे तुमच्या चुलतभावाचा आखाडा असतो, त्यावर त्याचा म्हातारा घोंगडी पांघरून निजलेला असतो. येळवशीला तर सगळं गावच रानात. बावीसची बारीक रायफल स्वस्त पडते म्हणून घ्यावी, असं कुणी सांगेल. तिने डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर ज्वारीत दडून बसलं की सकाळी कापणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. गोळी मात्र तिचीही लांबच जाते.

म्हणजे स्वस्त असो की महाग, रायफल आपल्या रानाचं हत्यार नव्हे. कायद्यालाही हे ठाऊक दिसतं. १९५९ चा शस्त्र कायदा कलम १३ मध्ये सांगतो की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलीचं नाव त्या सवलतीत नाही. ठासणीची म्हणजे एक बार, मग पुन्हा दारू भरा, ठासा, टोपी लावा. तोवर कळप शेजारच्या शिवारात. पावसाळ्यात दारू सर्दावते ती वेगळीच. बारा बोअरचे छर्रे चाळीस-पन्नास पावलांपलीकडे पांगतात, त्यामुळे ती त्यातल्या त्यात बरी. घ्यायचीच असेल तर हीच, आणि परवान्यावरच. बिनपरवान्याचा गावठी कट्टा कुणी आणून देतो म्हणाला तर त्याला आधी त्याच्या वकिलाचं नाव विचारा.

किंमत दुकानदार सांगेल. तो सांगत नाही तो खर्च आम्ही सांगतो. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, त्याआधी पोलिसांचा अहवाल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि बंदूक कुलपात ठेवण्याची हमी. लातूरच्या किती खेपा होतील ते ज्याने एकदा फेरफाराची नोंद घालून घेतली आहे त्याला सांगायला नको. एवढं करून निवडणूक आली की छाननी समिती सांगेल तेव्हा बंदूक ठाण्यात जमा. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. म्हणजे मालदांडी गुडघ्याला येते आणि हरभरा कोवळा असतो, नेमके तेच दिवस. हरणांना आचारसंहिता नसते.

आणि आता मुख्य गोष्ट. त्या तरुणाने "हरणासाठी" म्हटलं. आपल्या रानातलं हरण म्हणजे काळवीट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात ती तो माणसाच्या जिवाला धोका झाला तर, किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला तर. पीक खाल्लं हे कारण त्यात नाही. तुमच्या हातात कितीही चांगल्या परवान्याची बंदूक असो, काळविटावर ती चालत नाही. चालवली तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि वर दंड. सलमान खानचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. घटना १९९८ ची, जोधपूरच्या न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली २०१८ मध्ये. वीस वर्षं नामांकित वकील लावून तो उभा राहिला. आपल्यातला कोरडवाहू माणूस पहिल्या तारखेलाच बैलजोडी विकेल.

रोही आणि रानडुकराचं वेगळं. ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि उभ्या पिकाला धोका या कारणावरून त्यांच्या पारधीची परवानगी देता येते. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने तो अधिकार खालच्या वन अधिकाऱ्यांपर्यंत आणला. तरी मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता. कायद्याचं हे कलम आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. रानात हरण मेलेलं सापडलं तरी ते सरकारचं. मग जिवंत असताना, आमच्या सरकीचे शेंडे खाताना ते कुणाचं? आमची शेरडं सरकारी वनात शिरली तर कोंडवाडा आणि दंड. सरकारची हरणं आमच्या रानात शिरली तर आम्हीच बंदूक विकत घ्यायची, आम्हीच काडतुसं आणायची, आम्हीच रात्र जागायची आणि आम्हीच आरोपी व्हायचं.

हरणांनी जंगलात राहावं, असं शहरातले शहाणे म्हणतात. लातूर जिल्ह्यात जंगल शंभरात एक हिस्साही नाही. काळवीट तर मुळात जंगलाचं जनावर नव्हेच, ते मोकळ्या माळाचं. माळ मोडले, गायरानं गेली, उरली आमची पिकं. हरणाशी आमचं वैर नाही. पाडस दिसलं की आमच्याच घरातली लेकरं वाटी भरून दूध घेऊन धावतात. प्रश्न एवढाच की देशाने हौसेने राखायचं ठरवलेलं जनावर फक्त निलंग्याच्या शेतकऱ्याने का पोसावं?

बैठकीनंतर एक मावशी आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊ, बंदुकीचं नाव घराघरात नेऊ नका. आमच्या इथं डबा हाताशी होता तेच लई झालं." आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या घरात काय झालं ते त्या गावाला ठाऊक आहे. कर्जाची नोटीस ज्या घरात येते त्या घरात भरलेली बंदूक असू नये, हे आम्हाला कायद्याच्या पुस्तकाआधी त्या मावशींनी सांगितलं. कुंपणात वीज सोडणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. ती तार हरण आणि शेजाऱ्याचं पोर यांत फरक करत नाही.

तेव्हा आमचं मत असं, की पहिली रायफल शेतकऱ्याने घेऊ नये. बंदूक लागणारच असेल तर ती सरकारच्या खर्चाने, शिकलेल्या हातात असावी. केरळने २०२२ साली डुकरांबाबत ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला अधिकार दिला आणि परवानाधारक नेमबाजांच्या यादीतून माणूस बोलवायची सोय केली. आपल्या सरपंचाला असा अधिकार द्यायला काय हरकत आहे? काळविटाला तर मारायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात शाजापूर जिल्ह्यातल्या शेतांतून हेलिकॉप्टरने हाकत, नरसाळ्यासारख्या कुंपणात घालून शेकडो काळविटं जिवंत धरली आणि अभयारण्यांत नेऊन सोडली. तिथलं हरण आणि इथलं हरण एकाच जातीचं.

दुसरी गोष्ट विम्याची. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात जादा जोखीम म्हणून घेता येईल, असं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. पण कोणते प्राणी आणि कोणते भाग, ती यादी राज्याने काढायची. यादीत काळवीट नसेल किंवा निलंगा नसेल तर तो कागद आपल्या कामाचा नाही. शिवाय नुकसान ७२ तासांत कळवायचं आहे. वन विभागाच्या भरपाईचा अर्जही असाच तातडीने द्यावा लागतो, आणि आपण तो देत नाही. दोन खेपांच्या भाड्यात भरपाई संपते म्हणून देत नाही, हे खरं. पण अर्ज नाही म्हणजे दप्तरी नुकसान नाही, आणि दप्तरी नुकसान नसेल तर निलंगा त्या यादीत यायचा कसा?

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. तारीख, गट नंबर, पीक किती दिवसांचं होतं, कोणतं जनावर, किती गुंठे गेलं आणि त्या हंगामात किती रात्री जागल केली. जागलीची मजुरी आपण कधीच धरत नाही, ती यावेळी धरा, रात्रीच्या दराने. फोटो असेल तर उत्तम. प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला आम्ही त्याच्या गावाची वही लिहायला सांगितलं आहे. त्याने विचारलं, "आणि तवर हरणं?" आम्ही म्हणालो, येत्या शनिवारी तुझ्या आखाड्यावर आम्हीही जागलीला येतो.