गोव्याची व्हॅन, वालावलची चढण

शेजारच्या दादांना व्हॅन घ्यायची आहे. आईला महिन्यातून दोनदा बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडेनाशी झाली आहे. वालावलीत अशी गरजेपोटी गाडी शोधणारी घरं बरीच आहेत, आणि त्यांची नजर पहिली वळते ती पत्रादेवीच्या पलीकडे, गोव्यात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आलेल्या आणि मुक्तीनंतरही टॅक्सी म्हणून धावणाऱ्या मर्सिडीज गाड्या आठवणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. आज परदेशातली जुनी गाडी थेट आणणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. ती तीन वर्षांहून जुनी असून चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडेच लागतं, वर सीमाशुल्क जबर. त्यामुळे आपली 'बाहेरची गाडी' म्हणजे जीए पासिंग, आणि बहुधा मारुतीची ओम्नी नाहीतर ईको. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, ईको २०१० पासून आहे. दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली.

म्हणून पहिलं काम, गाडी सुरू करण्याआधी सीट उचलून इंजिनाला हात लावा. गरम लागलं, तर मालकाने तुम्ही पोचण्याआधीच ती चालू करून ठेवली होती. त्याला शांतपणे सांगा, पुन्हा येतो, थंड असताना बघतो. जुन्या इंजिनाचं खरं दुखणं थंड असतानाच बाहेर येतं. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरलेली असली, तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर हेड उघडायची तयारी ठेवा.

पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. बहुतेक जण एकटे किंवा मालकाला शेजारी घेऊन महामार्गावर पाच किलोमीटर जातात आणि खूश होऊन परततात. रिकामी व्हॅन सपाट रस्त्यावर कुठलीही चांगलीच चालते. तिचं आयुष्य गेलेलं असतं माणसं नाहीतर माल वाहण्यात, आणि तुमच्याकडेही तेच करायचं आहे. तेव्हा घरची माणसं घेऊन जा, पासिंगला जितकी चालतात तितकी बसवा. मग एखादी खडी चढण बघून मध्येच थांबवा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा. गाडी मागे सरकली नाही पाहिजे. तिथूनच पहिल्या गिअरमध्ये उचला. इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही, किंवा जळका वास आला, तर क्लच प्लेट संपली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा दाबताना खालून 'खट्' आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचे सांधे बघून घ्या. हे सगळं रेडिओ आणि एसी बंद ठेवून. एसी नंतर चढणीवरच लावा, तापमानाचा काटा किती चढतो ते बघा.

इंजिन बांधता येतं, क्लच बदलता येतो. गंजलेला पत्रा मात्र परत येत नाही. कर्लीकाठचं आणि समुद्राचं खारं वारं आपल्याला ठाऊक आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर दहा वर्षं उभी राहिलेल्या गाडीनेही तेच सोसलेलं असतं. माझी पहिली व्हॅन मी खालून काळी कुळकुळीत दिसली म्हणून घेतली. ताज्या काळ्या रंगाला मी निगा समजलो. पहिल्याच पावसात मधल्या सीटखालचं मॅट ओलं राहू लागलं. उचलून बघितलं, तर बोट पत्र्यातून आरपार गेलं. त्या गाडीत माझी दोन लहान मुलं रोज शाळेत जात होती. तेव्हापासून खालचा ताजा रंग दिसला, की मी तिथंच आधी ठोकून बघतो.

सरकत्या दाराच्या खालच्या रुळात बोट फिरवा. दार अर्ध्यावर अडलं, तर रूळ खाल्लेला आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली होत्या, ते कोकणात कोणाला सांगायला नको.

कागदांचं थोडक्यात. गोव्याच्या आरटीओची नमुना २८ मधली ना हरकत, कर्ज असेल तर बँकेचा नमुना ३५, हे हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर इथला नंबर घ्यावा लागतो. इथला करही ओरोसच्या आरटीओत भरावा लागेल, तो आधीच किमतीत धरा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतील, तर गाडी भाड्याने फिरलेली आहे, मग किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नका.

तर परवा रविवारी आम्ही तिघे म्हापशाच्या बाजूला गेलो. दादा, मी आणि आमचे मेस्त्री. मालक सांगत होता, बाई एकटीच वापरायची, कायच काम नाय. गाडी दिसायला सुरेख होती, रंगही ताजा. मेस्त्री गोणपाट अंथरून खाली सरकले. दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून हळूच दाबलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. मेस्त्री उठले, हात पुसले, काही बोलले नाहीत. दादांनी मालकाला नमस्कार केला आणि आम्ही एसटीने परत आलो.

येत्या रविवारी फोंड्याला दुसरी बघायची आहे. या खेपेला दादांच्या आई बरोबर येणार आहेत. त्यांनीच सांगितलं, "आधी माका चढूक जमता काय तां बघूया."