ऐकणाऱ्याची पात्रता

माल मोजून घेताना दोन पोती कमी आली, बिलात दर चुकीचा पडला, ग्राहकाला दिलेली तारीख टळली. अशा चुका प्रत्येक पेढीवर घडतात. त्या मालकाच्या कानावर केव्हा येतात, हा खरा प्रश्न आहे. त्याच दिवशी कळलेली चूक एका फोनने सुधारते. तीच वर्षअखेरीस हिशेब तपासताना सापडली, तर पैसा जातो, ग्राहक जातो आणि कधी कधी वर्षानुवर्षांचा विश्वासू माणूसही जातो.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधे देताना कमी चुका होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या, कारण त्या गटांत चूक सांगण्याची भीती नव्हती. बोलल्याने अपमान होणार नाही, या सहकाऱ्यांच्या सामायिक विश्वासाला त्यांनी १९९९ च्या आपल्या शोधनिबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले.

आपल्या परंपरेला हे सूत्र परके नाही. स्थानांग सूत्र आणि भगवती आराधना या ग्रंथांत आलोचनेचे दहा दोष सांगितले आहेत. जो अपराध दुसऱ्याने पाहिला तेवढाच कबूल करणे, हा त्यांतील एक. लहान दोष सांगून मोठा झाकणे, हा दुसरा. धास्तावलेला नोकर नेमके हेच करतो. परंतु शास्त्रकार बोलणाऱ्यापाशी थांबले नाहीत. आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांच्या अंगी आठ गुण असावेत, असेही त्यांनी सांगितले. संकोचाने अडखळणाऱ्याला बोलते करणे, हा त्यांतील एक गुण. दुसरा ‘अपरिस्रावी’, म्हणजे ज्यांच्यापाशी उघड केलेला दोष पाझरून बाहेर जात नाही असे.

पेढीच्या गादीवर बसणाऱ्याने हा गुण प्रथम अंगी बाणवावा. मुनीमजींची चूक ग्राहकांसमोर काढू नये, जेवणाच्या पंगतीत तिची थट्टा करू नये. ‘कोणी केले?’ याआधी ‘काय झाले?’ असे विचारावे. दुकान वाढविताना पाच मिनिटे सर्वांना जवळ बसवून आज काय अडले, हे ऐकून घ्यावे. शिक्षण पूर्ण करून नुकताच पेढीवर आलेला मुलगा वडिलांच्या वयाच्या माणसावर आवाज चढवीत असेल, तर त्याला बाजूला घेऊन समजवावे. त्या एका आवाजाने सारे कर्मचारी महिनाभर मुके होतात.

अशाने धाक उरणार नाही, ही शंका रास्त आहे. मात्र आलोचनेनंतर प्रायश्चित्त असतेच. चूक निस्तरण्याची जबाबदारी त्या माणसाकडे राहू द्यावी आणि जाणूनबुजून केलेल्या अफरातफरीला वेगळा न्याय लावावा. चूक सांगायला येणाऱ्याच्या वाट्याला मात्र अपमान येऊ नये.

आणखी एक गोष्ट. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभार लादणे आणि अन्नपाण्यात अडथळा आणणे हे दोन आहेत. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे बैल आणि घोडे येतात. दिवाळीच्या हंगामात रात्री दहापर्यंत उभा असलेला, दुपारचा डबाही न उघडलेला विक्रेता मात्र येत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून चुका अधिक होतात आणि त्या सांगण्याचे त्राणही त्याच्यात उरत नाही. त्याची जेवणाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी सांभाळणे हे श्रावकाच्या व्रतातच येते.

संवत्सरीला आपण नोकरचाकरांनाही हात जोडून क्षमा मागतो. त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी कोणी भीतभीत ‘शेठजी, एक चूक झाली आहे’ असे म्हणत समोर आला, तर आपला चेहरा कसा होतो, ते ज्याने त्याने पाहावे.