गाडीवर नाव

कधीं गाडीवर नाव, तर कधीं नावेवर गाडी, ही म्हण आमच्या वाचकांनीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदां ऐकली असेल. आज जो वाहतो तो उद्यां वाहिला जातो, असा तिचा भावार्थ. पण ती अक्षरशःही खरी आहे. दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान वाशिष्ठीच्या खाडींत जंगार नांवाच्या सपाट बोटी चालतात. त्यांत मोटारी निमूटपणें चढतात आणि पलीकडे उतरतात. ही झाली नावेवर गाडी. गाडीवर नाव पाहण्याचा योग मात्र आमच्या मार्केट यार्डाच्या शेजारांतच आला आहे. येथील एका एकत्र कुटुंबानें लहानशी होडी घेतली असून, घरच्या मोटारीमागें ट्रेलर जोडून ती जलाशयावर न्यावी असा तरुण मंडळींचा बेत आहे. आजोबांचा त्यास विरोध आहे. दोन्ही पक्षांनीं आमचा कौल मागितला, म्हणून हा लेख.

आजोबांची भीति निराधार नाहीं. पुण्याच्या जुन्या माणसांस पाणी म्हटलें कीं १२ जुलै १९६१ चा दिवस आठवतो. त्या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें आणि खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं. पण भीति सावध करण्यापुरतीच हितकर असते. तिनें हातपाय बांधूं नयेत. चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही हें पाण्याचें दुर्भिक्ष असलेलें गांव. तेथील दत्तू भोकनळ हे लष्करांत गेल्यावर पुण्यास वल्हें मारावयास शिकले आणि २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकपर्यंत पोंचले. रीतसर शिक्षणानें काय साधतें, याचा हा दाखला आहे.

तें शिक्षण पाण्यावर नव्हे, जमिनीवर सुरू होतें. ट्रेलर मागें घेणें ही स्वतंत्र विद्या आहे. स्टिअरिंग उजवीकडे फिरविलें कीं ट्रेलर डावीकडे वळतो, आणि नवशिक्याची मति गुंग होते. त्यास सोपी युक्ति अशी कीं, हात स्टिअरिंगच्या तळाशीं धरावा. मग हात ज्या बाजूस न्यावा त्याच बाजूस ट्रेलर जातो. रिकाम्या मैदानांत दोन विटा मांडून त्यांमधून दहा-वीस वेळां ट्रेलर मागें घ्यावा. यार्डांत गाळ्याशीं गाडी लावणारे चालक आणि त्यांस "येऊं द्या, येऊं द्या, बस!" म्हणून हांक देणारे क्लीनर यांचें कामही लक्षपूर्वक पाहावें. हांक देणारा एकच असतो, व त्याच्या "बस" या शब्दावर गाडी तत्काळ थांबते, हें विशेष ध्यानांत घ्यावें.

आतां उताराविषयीं. होडी उतरविण्याचा चांगला उतार साधारणतः सात-आठ फुटांस एक फूट असा असतो. याहून सपाट असल्यास होडी तरंगण्यापूर्वीं मोटारच पाण्यांत जाते. याहून उभा असल्यास मोटार वर येतांना अडते. होडी स्वतःच्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते तेव्हां ती तरंगूं लागते. तेवढी खोली ट्रेलरखालीं मिळाली कीं पुरे. मोटारीचीं मागचीं चाकें कोरडींच राहावींत.

सर्व तयारी उताराच्या माथ्यावर करावी. होडीच्या तळाचें बूच घट्ट बसवावें. तें विसरल्यानें होडींत पाणी भरतें. ट्रेलरच्या दिव्यांची तार सोडवावी. लांबच्या प्रवासानें तापलेले चाकांचे तुंबे थोडे निवूं द्यावे. तापलेल्या तुंब्यांस थंड पाणी लागल्यास तें आंत ओढलें जाऊन बेअरिंग खराब होतात. मागचे पट्टे सोडावेत, परंतु होडीच्या नाकाशीं असलेला पट्टा पाण्याशीं पोंचेपर्यंत सोडूं नये, नाहींतर होडी वाटेंतच फरशीवर आदळते. नाकाला बांधलेला दोर कांठावरील माणसाच्या हातीं द्यावा.

परततांना खरी कसोटी असते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत यंत्राचें बळ पुढच्या चाकांस मिळतें. चढावर भार मागें सरकतो, त्यांत ट्रेलरचें ओझें. पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि खालीं शेवाळ असल्यास जागच्या जागीं फिरूं लागतात. म्हणून उतारावर प्रथम चालून पाहावें. जेथें पाय घसरतो तेथें चाकही घसरेल. उतारावर मोटारींत चालकावांचून कोणीही बसूं नये, मुलें तर मुळींच नकोत. चालकाचा पट्टा सुटलेला आणि कांच खालीं असावी. ट्रेलरच्या मागें कोणीही उभें राहूं नये.

होडी पाण्यांत गेली म्हणजे काळजी संपली असें नाहीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं कृष्णेच्या महापुरांत ब्रह्मनाळ येथें क्षमतेहून अधिक माणसें घेतलेली बोट उलटून १७ जण दगावले. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांव-कळाशी मार्गावर वादळांत बोट उलटून सहा जण बुडाले. अधिकस्य अधिकं फलम् हें वचन नावेस लागूं नाहीं. एकत्र कुटुंबांत "बाळालाही घ्या, आत्यालाही घ्या" असा आग्रह होतोच. तो कांठावरच मोडून काढावा. लाइफ जॅकेट अंगांत घातल्यावांचून कोणीही पाय उचलूं नये. तें होडींत ठेवल्यानें प्राण वाचत नाहीं. आभाळ भरून येतांच परतावें.

आमचा कौल असा. ट्रेलरची नोंदणी परिवहन कार्यालयांत व्हावी. पानशेत-खडकवासल्याचें पाणी शहर पितें, म्हणून जलसंपदा विभागाच्या परवानगीवांचून तेथें होडी घालूं नये. घरांतील लेकीसुनांसह सर्वांनीं आधीं पोहावयास शिकावें, आणि मोटार मागें घेण्याचा सराव ज्यास उत्तम साधेल त्यानेंच, मग ती धाकटी सून कां असेना, ती उतारावर न्यावी. एवढें होईल तर तरुणांनीं खुशाल जावें. आजोबांनींही घरीं बसूं नये. त्यांनीं कांठावर खुर्ची टाकून जातांना व येतांना डोकीं मोजावींत. सर्व बेतांत याहून महत्त्वाचें काम दुसरें नाहीं.