भ्यायचं लम्पीला अन् पळायचं लसीपासून?

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून जुनी गोष्ट उकरतो.

2022 च्या ऑगस्टात जळगावकडून लम्पीच्या बातम्या सुरू झाल्या. आमच्या गावात नुसती धास्ती. कुणी गाईचं दूध बंद केलं, कुणी नवस बोललं. पण फुकटची लस दारात आली तेव्हा कितीतरी जणांनी जनावरं रानात नेली. त्यात मीही होतो. "शेळीच्या देवीची लस गाईला कशाला?" असं मीच पारावर बोललो. पुढं खोंडाच्या अंगभर गाठी आल्या अन् तो गेला.

शेळीची देवी अन् लम्पी, दोन्हीचे विषाणू भाऊबंद, म्हणून ती लस चालते. रोग माश्या, डास, गोचिडांनी पसरतो. माणसाला होत नाही. उकळलेल्या दुधाला भ्यायचं कारण नाही. लसीनं एखाददुसरा दिवस ताप येतो, दूध थोडं घटतं, हे खरं. पण रोगानं गाय आटते, गाभडते, मरते. हिशेब तुम्हीच करा.

लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर धावाधाव काय कामाची? अन् आजारी जनावराला टोचून उपयोग नाही.

डॉक्टरसाहेब, तुम्हालाही एक सांगणं. ताप, सूज येते हे आधीच सांगत जा. लपवलं की अफवेला पाय फुटतात.

नुसतं भिणं म्हणजे जागरूकता नव्हे. ज्याला खरी काळजी, त्यानं दावं धरून जनावर लसीला उभं करावं.