महानगराचे धनी कोण?

मुंबईचा श्वास कोंडू लागला की राज्यकर्त्यांना प्रादेशिक नियोजनाची आठवण होते. नऊ महापालिकांचा हा प्रदेश पाणी, घरे व रेल्वे यांनी एकत्र बांधलेला आहे, हे खरेच. कुर्ल्यात राबणारा कामगार विरारला किंवा बदलापूरला मुक्कामाला जातो. त्याचे प्रश्न कोणत्याही एका महापालिकेच्या हद्दीत सुटत नाहीत. म्हणून सबंध प्रदेशाचा विचार करणारी सत्ता हवी, याविषयी वाद नाही. ती कोणाला जबाबदार असावी, हा खरा वाद आहे.

१९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याची सूत्रे मंत्री व सनदी अधिकारी यांच्या हाती राहिली. दक्षिण मुंबईवरील कार्यालयांचा भार कमी करण्यासाठी योजलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलातील सार्वजनिक जमीन भाडेपट्ट्याने बँका व कंपन्यांकडे गेली. जमिनीचा भाव चढेल तशी प्राधिकरणाची तिजोरी भरते. ज्या संस्थेचे उत्पन्नच भाववाढीवर पोसले जाते, ती श्रमिकांना स्वस्त घरे कशी देणार?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोन तृतीयांश सभासद नगरपालिका व पंचायतींच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडावयाचे असतात. परंतु समितीने आराखडा करून सरकारकडे पाठवावा, आणि जमीन, पैसा व यंत्रणा प्राधिकरणाने सांभाळावी, अशी ही वाटणी आहे. त्यातच मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेत प्रशासकाचे राज्य होते. नगरसेवकच नाहीत, तर समितीवर मुंबईच्या वतीने बोलणार कोण?

लोकप्रतिनिधी आपल्या प्रभागापलीकडे पाहत नाहीत, बिल्डरांच्या आहारी जातात, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण मंत्रालय या मोहापासून मुक्त आहे, असे कोण म्हणेल? नगरसेवकाला मतदार घरी बसवू शकतो. प्राधिकरणातील अधिकाऱ्याला जाब विचारण्याची सोय नाही.

शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. नियोजन तांत्रिक असते, असे सांगणाऱ्यांना हे चित्र पुरेसे उत्तर आहे.

प्राधिकरण निर्वाचित समितीच्या अधीन आणावे, जमिनीच्या उत्पन्नावर घरबांधणीचा पहिला हक्क असावा आणि पाणी देणाऱ्या गावांना निर्णयात स्थान मिळावे, या मागण्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत व पाड्यापाड्यांत नेल्या पाहिजेत. प्रभागातील नळासाठीचा मोर्चा महानगराच्या सत्तेपर्यंत पोहोचला नाही, तर नळ कोरडाच राहील.